आईच्या अश्रूंचे कौतुक झाले, तिच्या शिकवणीचे काय?

चर्चमध्ये एखाद्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, साक्ष ऐका. साक्ष म्हणजे आपण विश्वासात कसे आलो याची कहाणी. ती बहुतेकदा आईपासून सुरू होते. आई पहाटे उठायची, गुडघे टेकायची, माझे नाव घेऊन देवापुढे रडायची, तिच्या प्रार्थनेमुळेच मी आज इथे उभा आहे. मंडळी, म्हणजे चर्चमधला समुदाय, गहिवरते, 'आमेन' म्हणते आणि उपदेश पुढे सरकतो. या साक्षी खऱ्या असतात. सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो, तोही मनापासून. पण त्या ऐकताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. त्या आईने मुलाला शिकवले काय, हे जवळजवळ कोणीच सांगत नाही. तिला देव कसा उमगला होता, शास्त्रातला कोणता भाग तिने मुलाच्या हाती आधी दिला, त्याच्या अवघड प्रश्नाला काय उत्तर दिले, यातले काहीच साक्षीत येत नाही. गुडघ्यांवरची आई दिसते. पुस्तक उघडून विचार करणारी आई दिसत नाही.

ख्रिस्ती कुटुंबावर विश्वासी स्त्रीचा जो ठसा उमटला, तो तिच्या भावनेइतकाच तिच्या समजुतीचा आणि निर्णयाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. मंडळीने मात्र तो सगळा भावनेच्या खात्यात जमा केला. वरवर पाहता हा तिचा गौरव वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे स्त्रीला शास्त्र नीट शिकवण्याची गरज कोणाला वाटेनाशी होते, बाप जबाबदारीतून अलगद सुटतो, आणि मूल विश्वासापासून दूर गेले की जाब विचारला जातो तो आईला.

प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे घर घ्या. पौल त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. हे वचन आपण मातृदिनाच्या कार्डांवर छापतो आणि तिथेच थांबतो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आठवण करून देतो, की तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक आहे आणि आपण ते कोणाकडून शिकलो हेही त्याला माहीत आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडला की घरची परिस्थितीही कळते. आई यहूदी आणि प्रभूवर विश्वास ठेवणारी, वडील ग्रीक. यहूदी रीतीप्रमाणे मुलाची सुंता झालेली नव्हती. म्हणजे घरात धर्माच्या बाबतीत आईचा शब्द अखेरचा नसावा, असे मानायला जागा आहे. अशा घरात दोन बायकांनी एका मुलाला शास्त्रात वाढवले. त्यासाठी त्यांना शास्त्र पाठ असावे लागले, समजलेले असावे लागले, आणि विरोधाभासांनी भरलेल्या घरात ते कधी व कसे सांगायचे याचा रोज विचार करावा लागला असणार. खोट्या शिकवणीपासून मंडळी कशी जपायची, हा त्या पत्राचा मोठा विषय आहे. तिथे पौल खऱ्या शिकवणीचा उगम दाखवतो, तो एका आजीपाशी आणि एका आईपाशी.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायाचीही आपण अशीच काटछाट केली आहे. सद्गुणी स्त्रीचे वर्णन दहाव्या वचनापासून सुरू होते आणि बहुतेक उपदेशही तिथूनच सुरू होतात. ती पहाटे उठते, सूत कातते, घरच्यांना अन्न देते. पण हा अध्याय मुळात आहे कोणाचा? पहिल्याच वचनात लिहिले आहे, की लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेले हे बोल आहेत. ती त्याला काय शिकवते? राजाने मद्याच्या नादी लागू नये, नाहीतर तो कायदा विसरेल आणि दीनांचा न्याय बिघडवेल. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही त्याच्यासाठी तोंड उघड. गरिबांचा कैवार घे. ही एका आईने मुलाला दिलेली राज्यकारभाराची शिकवण आहे. पहिली नऊ वचने गाळून दहाव्यापासून वाचले की शिकवणारी स्त्री नाहीशी होते आणि राबणारी तेवढी उरते.

येशूची आई मरीया हिच्या गीताकडेही या नजरेने पाहावे. लूकच्या पहिल्या अध्यायातले ते स्तुतिगीत शमुवेलाची आई हन्ना हिच्या गीताच्या इतके जवळचे आहे, की मरीयेला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तो भाग मुखोद्गत असावा. देव सत्ताधीशांना खाली ओढतो, दीनांना उंच करतो, भुकेल्यांना तृप्त करतो आणि धनवानांना रिकाम्या हातांनी पाठवतो. आता त्याच शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. 'अहो दीनांनो, तुम्ही धन्य' आणि 'तुम्हां धनवानांची केवढी दुर्दशा होणार' असे येशू म्हणतो, तेव्हा आईचे गीत मुलाच्या मुखातून ऐकू येते. देवाच्या पुत्रानेही देवाबद्दलचे पहिले शब्द एका घरात, एका स्त्रीकडून ऐकले, हे देहधारणेवर, म्हणजे देव माणूस झाला यावर, विश्वास ठेवणाऱ्या आपण तरी विसरू नये.

विरोधकांना हे आपल्याआधी कळले होते. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती लोकांवर कडाडून टीका केली. त्याची तक्रार अशी होती, की लोकर विणणारे, चांभार आणि धोबी घराघरांतून मुलांना आणि अडाणी बायकांना गाठतात, बापाचे आणि गुरुजींचे ऐकू नका म्हणतात, आणि ख्रिस्ताची शिकवण त्यांच्या मनात भरतात. ओरिजेन या ख्रिस्ती धर्मशास्त्र्याने पुढे त्याला सविस्तर उत्तर दिले, म्हणून ही टीका आपल्यापर्यंत पोहोचली. सेल्ससचा तिरस्कार बाजूला ठेवला तर त्याने पाहिलेले दृश्य बरोबर होते. छळाच्या काळात ख्रिस्ती विश्वास घराच्या आतल्या बाजूने पसरला आणि त्यात बायकांचा वाटा होता.

चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) एका घराने मंडळीला बेसिल आणि निस्साचा ग्रेगरी हे दोन थोर धर्मशास्त्री दिले. त्यांची आजी माक्रिना हिने नातवांना विश्वासाचे धडे दिले. तिच्याच नावाची त्यांची थोरली बहीण ३७९ मध्ये वारली. ग्रेगरीने तिचे चरित्र लिहिले. बेसिल वक्तृत्व शिकून घरी परतला, तेव्हा विद्येच्या ताठ्याने फुगलेला होता आणि माक्रिनाने त्याला ताळ्यावर आणले, असे ग्रेगरी सांगतो. आत्मा आणि पुनरुत्थान या विषयावर तिच्या मृत्युशय्येपाशी झालेला संवादही त्याने लिहिला. त्यात तो तिला 'शिक्षिका' म्हणतो, शंका स्वतः विचारतो आणि उत्तरे तिच्या तोंडी देतो. आणि बेसिल? आजीचे ऋण त्याने पत्रात मान्य केले, पण त्याच्या उपलब्ध लिखाणात या बहिणीचा उल्लेख सापडत नाही. ग्रेगरीने लिहिले नसते, तर पुढच्या पिढ्यांना माक्रिना कळलीच नसती. अशा किती बहिणी कोणा ग्रेगरीवाचून विस्मरणात गेल्या असतील, या विचाराने मला आजही चुटपुट लागते.

आणि मग मोनिका. ख्रिस्ती आईचा विषय निघाला की तिचे नाव येतेच. पुढे थोर धर्मशास्त्री झालेला तिचा मुलगा ऑगस्टीन तरुणपणी भरकटला, ती वर्षानुवर्षे रडली, एका बिशपने तिला सांगितले की इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही, आणि ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. ही कथा सुंदर आहे आणि खरी आहे. पण बाप्तिस्म्याच्या आदल्या वर्षी, ३८६ च्या नोव्हेंबरात, ऑगस्टीन आपल्या वाढदिवशी मित्र-शिष्यांना घेऊन सुखी जीवन कशाला म्हणावे यावर चर्चेला बसला, तेव्हा मोनिकाही तिथे होती. ऑगस्टीनने विचारले, ज्याला हवे ते मिळाले तो सुखी म्हणायचा का? मोनिकाने उत्तर दिले: चांगले हवे असेल आणि ते मिळाले तर तो सुखी, वाईट हवे असेल तर ते मिळूनही तो दुःखीच. ऑगस्टीन खूश होऊन म्हणाला, आई, तू तत्त्वज्ञानाचा गडच सर केलास. दुसऱ्या एका चर्चेत तिने विचारले, तुम्ही वाचता त्या पुस्तकांत बायकांना अशा वादात कधी घेतल्याचे ऐकले आहे का? ऑगस्टीनने तिचे येणे आणि तिचा प्रश्न दोन्ही लिहून ठेवायला लावले.

सोळाशे वर्षे आपण मोनिकाच्या अश्रूंवर उपदेश करत आलो. तिच्या या उत्तरावर किती जणांनी उपदेश ऐकला आहे?

मोनिकाबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती आजही घराघरांत त्रास देते. तिचा नवरा पॅट्रिशियस तापट होता आणि बाहेरख्यालीही. मारहाणीच्या खुणा घेऊन येणाऱ्या बायकांना मोनिका सांगायची, की दोष तुमच्या जिभेचा आहे, लग्न झाले तेव्हाच आपण दासी झालो असे समजा. ऑगस्टीनने हे कौतुकाने नोंदवले आहे. रोमन कायद्याने नवऱ्याच्या हाती जी सत्ता दिली होती, तिच्याखाली जगणाऱ्या बाईने जीव वाचवायला शोधलेली ही युक्ती होती. तिला ख्रिस्ती सद्गुण म्हणणे चूक आहे, आणि आज मार खाणाऱ्या बहिणीपुढे मोनिकाचा धीर ठेवणे हे पाप आहे. मला यापेक्षा सौम्य शब्द सापडत नाही. पत्नीच्या मूक वागणुकीने पती जिंकला जाईल, हे पेत्राच्या पत्रातले वचन अशा वेळी हमखास काढले जाते. पण तिथूनच थोडे पुढे, सातव्या वचनात, पेत्र पतींना बजावतो की पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. पत्नीवर हात उगारणाऱ्याची प्रार्थना अडते, असे प्रेषित सांगतो. हे वचन त्या पतीला ऐकवणारा पाळक मला अजून भेटायचा आहे.

घरातली स्त्री धर्मशिक्षक असते म्हणजे नेमके काय, हे सर्वांत स्वच्छ दिसते ते सुझॅना वेस्लीच्या घरात. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकाची ही पत्नी. तिला १९ मुले झाली, त्यांतली १० जगली. मूल पाच वर्षांचे झाले की ती त्याला शिकवायला घ्यायची. अक्षरे ओळखता आली की उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून वाचन सुरू. दररोज सहा तास शाळा. आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाची, त्याच्याशी एकटीने बसून बोलायची. गुरुवार जॉनचा. पुढे मोठेपणी, कॉलेजात शिकवत असताना, त्याने आईला लिहून पाहिले की त्या गुरुवारांतला थोडा वेळ आजही माझ्यासाठी काढता येईल का. तिच्या घराच्या नियमांपैकी एक मला फार मोलाचा वाटतो: मुलीला चांगले वाचता येईपर्यंत घरकाम शिकवायचे नाही. शिवण हातात आली की बायकांचे वाचन मागे पडते, हे तिने पाहिले होते. तीनशे वर्षांपूर्वी एका आईने घरात हा कायदा केला.

१७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा चर्चच्या कामासाठी लंडनला होता. सुझॅना रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना जमवून प्रार्थना घ्यायची, छापील उपदेश वाचून दाखवायची. एका नोकर पोराने घरी सांगितले, त्याचे आईबाप आले, मग शेजारी आले, आणि बघता बघता दोनशेहून अधिक माणसे जमू लागली. दाटीमुळे काहींना परत जावे लागे. नवऱ्याच्या जागी नेमलेल्या पाळकाने तक्रार केली आणि नवऱ्याने पत्र लिहिले, की बाईमाणसाने असे करणे बरे दिसत नाही, दुसऱ्या कोणाला वाचायला सांग. तिने उत्तर दिले, की जमणाऱ्यांत कोणालाही अडखळल्याशिवाय उपदेश वाचता येत नाही. तुम्ही नसताना या घरातला प्रत्येक जीव ही धन्याने माझ्याकडे सोपवलेली ठेव आहे, असे मी समजते. नवऱ्याने पुन्हा नाराजी कळवली, तेव्हा तिने लिहिले: सभा बंद व्हावी अशी तुमची इच्छा आहे असे सांगू नका, तेवढ्याने माझ्या विवेकाचे समाधान होणार नाही. स्पष्ट शब्दांत हुकूम पाठवा, म्हणजे आपण दोघे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहू, तेव्हा भले करण्याची ही संधी सोडल्याचा दोष माझ्यावर राहणार नाही.

हुकूम आला नाही. त्या हिवाळ्यात जॉन आठ वर्षांचा होता आणि चार्ल्स चारचा. पुढे याच दोघांनी मेथडिस्ट ही धर्मजागृतीची चळवळ उभी केली.

हे पत्र मी कितीदा तरी वाचले आहे. त्यात उद्धटपणाचा लवलेश नाही आणि रडारडही नाही. ती नवऱ्याचा अधिकार नाकारत नाही, त्या अधिकाराची किंमत त्याच्यापुढे मांडते: अडवायचे असेल तर अडवा, पण देवापुढे जाब तुम्ही द्या. विश्वासी स्त्रीचा घरावरचा प्रभाव म्हणतात तो हा. त्याला ज्ञान लागते, विवेक लागतो आणि आपल्या निर्णयामागे उभे राहण्याची छाती लागते.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. त्याच शाळेत मुलीही शिकल्या. हेटी ही तर विलक्षण बुद्धीची. लहानपणीच ग्रीक भाषेतला नवा करार वाचू लागली, उत्तम कविता लिहायची. तिच्या भावांना ऑक्सफर्ड मिळाले, व्यासपीठ मिळाले. तिला मिळाले १७२५ मध्ये मनाविरुद्ध लावून दिलेले लग्न, आणि त्या लग्नातले दुःख तिच्या कवितांत उतरले. आई तीच, पाठ तेच, फळे किती निराळी. घरातल्या शिकवणीचे मोल बाहेरच्या मंडळीने कोणासाठी कसे ठरवले, हे या भावाबहिणींकडे पाहून कळते. जॉन वेस्लीने पुढे काही स्त्रियांना उपदेश करण्याची मुभा दिली. त्यामागे त्या स्वयंपाकघराची आठवण असेलच. १७९१ मध्ये तो गेला आणि १८०३ मध्ये त्याच्याच अनुयायांच्या परिषदेने स्त्रियांच्या उपदेशावर कडक बंधने घातली.

बाहेरची सगळी रचना कोसळते, तेव्हा घरातल्या बायकांचे काम आणखी उघडे पडते. सोव्हिएत रशियात १९२९ च्या कायद्याने मुलांसाठी, तरुणांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळ्या प्रार्थनासभा भरवायला बंदी केली. त्यात स्त्रियांचा उल्लेख उगाच आला नव्हता. चर्च बंद झाली, हजारो धर्मगुरू तुरुंगात गेले किंवा मारले गेले. मग आज्यांनी नातवंडांचे गुपचूप बाप्तिस्मे करवून घेतले आणि त्यांना प्रार्थना शिकवल्या. सुमारे साठ वर्षांनंतर चर्च पुन्हा उघडू लागली, तेव्हा आत येणाऱ्या कित्येकांना येशूचे नाव पहिल्यांदा कानी पडले होते ते आजीच्या तोंडून.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणारी माणसे प्रामाणिक असतात. ती म्हणतात, स्त्रीचा प्रभाव शांत आणि नकळत असतो, त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. त्याला अधिकाराची भाषा चिकटवली की घरात ओढाताण सुरू होते. यात थोडे तथ्य आहे. प्रत्येक घराला सभेचे रूप यावे, असे मलाही वाटत नाही. पण शांत असणे वेगळे आणि अज्ञानात ठेवले जाणे वेगळे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याचे नाव नव्या करारात सहा वेळा येते आणि बहुतेक ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. अपुल्लोससारख्या विद्वान वक्त्याला त्या दोघांनी जवळ बोलावले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यांच्या घरात मंडळी जमत असे. या दोघांत त्यामुळे बेबनाव झाल्याचे शास्त्रात कुठे नाही. ओढाताण होते ती ज्ञान एकाकडे आणि हुकमत दुसऱ्याकडे असली की.

आता बापांकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. नव्या करारात मुलांना वाढवण्याबद्दल जी थेट आज्ञा आहे, इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली, ती बापांना उद्देशून आहे: मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि बोधात वाढवा. याजक एलीची मुले बिघडली, तेव्हा देवाने जाब विचारला तो एलीला, त्यांच्या आईला नाही. खुद्द संदेष्टा शमुवेलाची मुले लाच खाऊ लागली, त्याचाही ठपका शास्त्राने कोणा स्त्रीवर ठेवलेला नाही. आपण मात्र उलटी रीत पाडली आहे. मी एका प्रार्थनासभेत हे डोळ्यांनी पाहिले. एका बाईचा तरुण मुलगा मंडळीत यायचा बंद झाला होता. तिने प्रार्थनेची विनंती केली. एक वडीलधारे विश्वासी म्हणाले, ताई, तुमची प्रार्थना कुठेतरी कमी पडली असेल. तिने मान खाली घातली. तिचा नवरा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. मुलाला त्याने कधी शास्त्र वाचून दाखवले होते का, हे त्याला कोणी विचारले नाही आणि आपल्याला विचारले जाईल असे त्यालाही वाटले नसावे. त्या बाईचा चेहरा माझ्या मनातून जात नाही.

आईच्या प्रार्थनेला चमत्काराचे सामर्थ्य चिकटवले की चमत्कार झाला नाही तेव्हा दोषही तिच्याच माथी येतो. म्हणून मला ते गोड कौतुक घातक वाटते. 'ज्या उदराने तुला वाहिले ते धन्य' असे गर्दीतली एक स्त्री येशूला म्हणाली, तेव्हा तो म्हणाला की त्यापेक्षा देवाचे वचन ऐकून पाळणारे धन्य. त्याने आपल्या आईचा मान कमी केला नाही. तिचा खरा मान कशात आहे ते दाखवले, आणि तो मान मूल नसलेल्या, लग्न न झालेल्या, विधवा झालेल्या स्त्रीलाही खुला केला. ख्रिस्ती कुटुंबावर आत्यांचा, मावश्यांचा आणि मंडळीतल्या एकट्या बायकांचा किती प्रभाव असतो, हे आपण मातृत्वाच्या कौतुकात साफ विसरतो.

माझे पाळकांना मागणे मोठे नाही. लग्नाआधीच्या समुपदेशनात नवऱ्या मुलाला विचारा, की तू आपल्या मुलांना शास्त्र कसे शिकवणार आहेस. मातृदिनाला नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. संडे स्कूल चालवणाऱ्या बहिणींच्या हाती केवळ चित्रे आणि गाणी देऊन थांबू नका. त्यांना त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), तारण आणि पुनरुत्थान यांवर शास्त्रशुद्ध शिक्षण द्या, कारण मुलांचे सर्वांत अवघड प्रश्न त्यांनाच झेलावे लागतात. आणि शास्त्राभ्यासाचे वर्ग आयांना येता येईल अशा वेळी ठेवा. तेव्हा मुलांकडे कोण बघणार, असा प्रश्न निघेलच. त्या वेळात मुले बापांकडे द्या, आणि त्या तासात एक गोष्ट शास्त्रातली सांगायची, असे बापांना आधीच सांगून ठेवा.